आढ्याची फट

पत्र्याची छपरं घालणाऱ्या मिस्त्रींना समोर सगळे 'मिस्त्री' म्हणत आणि पाठ वळली की 'टिपूस'. काम संपवून शिडीवरून उतरताना ते प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य ऐकवत, "टिपूस येणार नाही." बत्तीस वर्षांत त्या वाक्यातला शब्द बदलला नव्हता आणि ते खोटं ठरल्याचं कुणी सांगितलंही नव्हतं. ज्याने जन्मभर पाण्याचा टिपूस आत येऊ दिला नाही त्यालाच टिपूस म्हणायचं, हा अन्यायच. पण टोपणनावं ठेवणारे लोक न्याय करायला बसलेले नसतात.

ते स्क्रू नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर मारत, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलातून वाहतं. प्रत्येक स्क्रूखालचा रबरी वॉशर अंगठ्याने दाबून पाहत. "फार आवळला तर फाटतो, कमी आवळला तर हसतो," असं त्यांचं वॉशरविषयी मत होतं, आणि माणसांविषयीही बहुधा तेच असावं.

काम पुरं झालं की शेवटची तपासणी. भर दुपारी गिऱ्हाइकाला आत घ्यायचं, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि दहा मिनिटं अंधारात माना वर करून उभं राहायचं. "उजेड शिरला तर पाणी शिरणार," हा त्यामागचा सिद्धांत. सुईच्या टोकाएवढा जरी उजेड दिसला तरी लांब काठीला बांधलेल्या खडूने तिथे खूण करायची आणि पुन्हा वर चढायचं. एका वखारीच्या मालकाला अंधाराची भीती होती. त्याने दहा मिनिटं डोळे गच्च मिटून काढली आणि कुठेही उजेड दिसला नाही असं प्रामाणिकपणे सांगितलं. मिस्त्रींनी त्याला परत दहा मिनिटं उभं केलं.

अशा माणसाने आपल्या विहीणबाईंच्या गोठ्यावर छप्पर घातलं, तिथून पुढची ही हकिकत.

विहीणबाई म्हणजे मिस्त्रींच्या सुनेची आई. नवऱ्यामागे त्यांनी दोन गाईंच्या चौदा केल्या होत्या. त्यांच्या दुधात पाणी नसे आणि बोलण्यातही नसे. गोठ्यावर जुनं गवताचं छप्पर होतं, ते दर पावसाळ्यात नव्या जागी गळे. शेवटी सूनबाईंनीच विषय काढला, "बाबा, आईच्या गोठ्यावर पत्रा तुम्हीच घाला. दुसऱ्याने घातला तर ती त्याला जगू देणार नाही."

"आणि मी घातला तर?"

"तुम्हाला निदान सवय आहे."

मिस्त्रींनी त्या छपरावर जेवढी मेहनत घेतली तेवढी आजवर कुठेच घेतली नव्हती. परकं गिऱ्हाईक नाराज झालं तर दोन दिवस कुरकुरतं आणि गप्प बसतं. विहिणीने गप्प बसण्याची सोय त्या नात्यात नाही. त्यांनी चारही भिंती थेट पत्र्याला भिडवल्या. वळचणीला पन्हळींची जी तोंडं उघडी राहतात, त्या प्रत्येकात फोमचा बोळा कोंबला. दोन पाखी जिथे वर मिळतात त्या आढ्यावर दुहेरी पत्रा बसवून त्याखाली चिकट पट्टी फिरवली. मग विहीणबाईंना आत घेऊन दार लावलं. दहा मिनिटं दोघे अंधारात उभे राहिले.

"मला काहीच दिसत नाहीये," विहीणबाई म्हणाल्या.

"तेच बघायचं होतं."

पावसाळा झाला. रस्ते वाहून गेले, शाळेच्या भिंतीला ओल आली, दूध-केंद्राच्या फरशीवर घोट्याएवढं पाणी साचलं, पण गोठ्यात टिपूस आला नाही. विहीणबाई केंद्रावर कॅन मोजून देताना कुणी न विचारताच म्हणाल्या, "आमच्या व्याह्यांनी घातलंय." ही बातमी सूनबाईंनी घरी आणली तेव्हा मिस्त्रींनी ती दोनदा सांगायला लावली. दुसऱ्यांदा, नीट ऐकू आली नाही म्हणून.

मग थंडी पडली, आणि एका सकाळी फोन आला.

"व्याही, छप्पर गळतंय."

"पाऊस कुठे पडलाय?"

"तेच विचारायला फोन केलाय. बाहेर पाऊस नाही, आत आहे."

मिस्त्री शिडी घेऊन गेले. वर चढून त्यांनी नळीने दोन तास छपरावर पाणी मारलं. आढ्यावर मारलं, जोडांवर मारलं, उलट्या दिशेने मारलं. आत एक थेंब आला नाही. खाली उतरून हात पुसत ते म्हणाले, "बघितलंत?"

"बघितलं," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही पाणी ओतता तेव्हा गळत नाही. ओतत नाही तेव्हा गळतं."

मग मिस्त्रींनी काम काढलं. खिडक्यांच्या चौकटींभोवती केसाएवढ्या भेगा होत्या, त्या सिमेंटने बुजवल्या. दाराच्या वर जरा फट होती, तिला रबरी पट्टी लावली. आजार कळायच्या आत औषध दुप्पट करायची पद्धत काही फक्त दवाखान्यात नसते. पुढच्या आठवड्यात गोठ्यात पहाटे अक्षरशः सर यायला लागली. प्रत्येक स्क्रूच्या टोकाला एक थेंब लोंबकळत असे आणि ऊन पत्र्यावर पडलं की सगळे मिळून खाली येत. गाईंच्या पाठींवर गंजाचे तांबूस ओघळ दिसू लागले. खालचा भुसा भिजला. तीन वासरं खोकायला लागली.

जनावरांचे डॉक्टर आले, गोठ्याच्या दारात थांबले आणि आधी स्वतःचे डोळे पुसले.

"ही हवा श्वासात घ्यायची की पेल्यात?" ते म्हणाले. "औषध देतो, पण वासरं याच हवेत ठेवणार असाल तर ते वाया जाईल. त्या धाकटीची छाती भरत आलीये. एक गाय दिवसाला श्वासातून आणि अंगातून दहा-पंधरा लिटर पाणी हवेत सोडते. तुमच्या चौदा आहेत. म्हणजे रोज पिंपभर. ते जातं कुठे?"

विहीणबाईंनी वर पाहिलं. मिस्त्रींनीही पाहिलं. वरून एक थेंब सुटला तो डॉक्टरांच्या चष्म्यावर पडला, त्यामुळे त्यांना उत्तर वेगळं द्यावं लागलं नाही.

डॉक्टर गेल्यावर विहीणबाईंनी अगदी शांतपणे सांगितलं, "व्याही, आठ दिवस वाट बघते. नाहीतर पत्रा उतरवून पुन्हा गवत घालते. गवत गळायचं, पण पावसाळ्यात गळायचं. त्याला काळवेळ कळायची."

गोठा दूध-केंद्राच्या रस्त्यावर होता. रोज सकाळ-संध्याकाळ तिथून दीडशे माणसं जात, त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर मिस्त्रींनी घातलेलं छप्पर होतं. त्या सगळ्यांदेखत त्यांचा पत्रा खाली आणि गवत वर जाणार होतं. वासरू गेलं असतं तर तेही त्यांच्याच नावावर.  

दुसऱ्या दिवशी पहाटेच ते गोठ्यात जाऊन उभे राहिले. गळती असती तर एका जागी गळली असती, हे तर सगळीकडे सारखंच होतं. गोठ्याला लागून पेंडीची खोली होती. मध्ये भिंत, पण वरचा पत्रा एकच, एकाच दिवशी, एकाच हाताने ठोकलेला. त्यांनी दार उघडलं. पेंड ठणठणीत कोरडी. शिडीवर चढून पत्र्याला तळवा लावला, तर तो गोठ्यातल्या पत्र्याइतकाच गार. पत्रा तोच, थंडी तीच, स्क्रू तेच. फक्त गाय नव्हती.

मिस्त्रींना इतका आनंद झाला की ते तडक विहीणबाईंकडे गेले. "छप्पर गळत नाही. गाईंचा श्वास वर जातो, गार पत्र्याला लागतो आणि त्याचं पाणी होतं. छपराचा दोष नाही, पाणी गाईंचं आहे."

विहीणबाई दूध काढत होत्या. धार न थांबवता म्हणाल्या, "गाई गवताखालीसुद्धा श्वास घेत होत्या."

हे वाक्य मिस्त्रींनी दिवसभर डोक्यात घोळवलं. संध्याकाळपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं असंही वाटत होतं. गवतातून वाफ निघून जायची. त्यांच्या छपरातून कशालाच निघता येत नव्हतं. त्यांनी उजेडाला बंदी केली होती, आणि उजेडाच्या वाटेनेच वाराही जातो, हे त्यांच्या सिद्धांतात कुठे बसलं नव्हतं. छपराचा गुन्हा एकच होता, ते निर्दोष होतं. उपाय सरळ होता, आढं उघडायचं.

ते सोडून पुढचे चार दिवस त्यांनी बाकी सगळं केलं. पत्र्याखाली गोणपाट ताणलं. दोन दिवसांत ते पाणी पिऊन जड झालं आणि मधल्या गाईच्या अंगावर कोसळलं. ती गाय दोन दिवस वर बघतच रवंथ करत होती. मोठा पंखा लावला. पंख्याने ओली हवा या टोकाच्या गाईकडून त्या टोकाच्या गाईकडे इमानाने पोचवली. मग पुढचं दार रात्रभर उघडं ठेवायला सांगितलं, तर गार वारा नेमका वासरांच्या उंचीवरून वाहिला आणि धाकटी वासरी कुडकुडायला लागली. विहीणबाईंनी तिला आपल्या स्वयंपाकघरात बांधलं आणि मिस्त्रींना ते मुद्दाम फोन करून कळवलं.

सातव्या दिवशी सूनबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसल्या. "बाबा, काय करायचं ते तुम्हाला कळलंय ना?"

"कळलंय."

"मग अडलंय कुठे?"

मिस्त्रींनी कपाकडे बघत सांगितलं, "छप्पर जोडायला शिकलोय. फाडायला कुणी शिकवलं नाही."

"आईने गवत घातलं ना, तर ती प्रत्येक भेटीत ते गवत दाखवेल. तुम्हालाही आणि मलाही. तुमचं एक वेळ निभेल. मला माहेर एकच आहे."

मिस्त्रींनी चहा अर्धा ठेवला आणि मेव्हण्याला बोलावणं पाठवलं. हा मेव्हणा पंचवीस वर्षं त्यांची शिडी धरत आला होता आणि शिडीइतकाच कमी हलत असे. गोठ्यावर चढून मिस्त्री आढ्याच्या पत्र्याचे स्क्रू काढायला लागले तेव्हा तो खालून म्हणाला, "दाजी, तो पत्रा उलटा बसलाय का?"

"सुलटा बसलाय."

"मग काढताय का?"

"फार सुलटा बसलाय."

मेव्हण्याने शिडी आणखी घट्ट धरली. रस्त्यावर मात्र माणसं थांबू लागली. टिपूस स्वतःचं छप्पर उघडतोय, हे दृश्य फुकट बघायला मिळत होतं. मिस्त्री कुणाकडे न बघता काम करत राहिले, आणि इथे सांगायला हवं की एकदा हात घातल्यावर त्यांनी ते काम पूर्वीच्या कुठल्याही कामापेक्षा उणं होऊ दिलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्ही पाख्यांचा वरचा काठ कापून वीतभराला जरा कमी अशी सलग फट ठेवली. कापलेल्या कडा वर वळवल्या, म्हणजे वाऱ्याने चढलेलं पाणी तिथेच अडेल. आढ्याचा पत्रा आणखी रुंद करून लोखंडी पायांवर उंच बसवला, फटीवर छत्री धरल्यासारखा. मग खाली उतरून दोन्ही बाजूंना वळचणीखालचा विटांचा वरचा थर काढला आणि पाखरं येऊ नयेत म्हणून तिथे जाळी ठोकली. गार कोरडी हवा जनावरांच्या डोक्यावरून आत येईल, उबदार ओली हवा वर चढून आढ्यातून बाहेर जाईल.

वासरांच्या कोपऱ्यावर त्यांनी चार वेगळे पत्रे घातले, खालून जाड, लोकरीसारखं फेल्ट चिकटवलेले. विहीणबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"आता छपराला गोधडी?"

"कडक थंडीत उघड्या गोठ्यातही पत्रा पहाटे जरा ओलावतो. हे फेल्ट तेवढं पाणी पितं आणि दुपारी वाऱ्यावर सोडून देतं."

"आमचे मोठे दीरही पितात. सोडलेलं मात्र ऐकिवात नाही."

फेल्ट पत्र्याच्या खालच्या काठापर्यंत ठेवलं तर पावसाचं पाणी वातीसारखं वर चढतं. म्हणून मिस्त्रींनी काठाजवळची आठ बोटं रुंद पट्टी खरवडून काढली आणि कडेचे धागे गरम हवेच्या यंत्राने वितळवून बंद केले. ही पट्टी बाहेरून दिसत नाही. कुणी बघणारही नव्हतं. तरी त्यांनी ती फूटपट्टीने मापून सरळ काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गोठ्याकडे निघाले तेव्हा एक दूधवाला सायकल दामटत समोरून आला. "मिस्त्री, तुमच्या विहिणीच्या गोठ्याला आग लागलीये. वरून धूर निघतोय." मिस्त्री धावले नाहीत. वळणावर पोचल्यावर त्यांना दिसलं ते असं, गोठ्याच्या आढ्यावरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पांढरी वाफ संथ वर जात होती. चौदा गाईंचा श्वास. ते रस्त्यातच थांबले आणि बराच वेळ बघत राहिले. आपण केलेल्या फटीतून काहीतरी जातंय, हे बघण्यात सुख असतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

आत विहीणबाई आधीच होत्या. एकेका गाईच्या पाठीवरून हात फिरवत त्या शेवटच्या गाईपर्यंत गेल्या, मग हात उताणा करून पाहिला. कोरडा होता. भुसा कोरडा होता. स्क्रूच्या टोकांना थेंब नव्हते. धाकटी वासरी स्वयंपाकघरातून परत आली होती आणि फेल्टखाली पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिला एकदा खोकला आला. दोघांनी दुसऱ्यांदा येतो का याची वाट पाहिली. आला नाही.

"एवढं पाणी रोज बाहेर जाणार?" विहीणबाईंनी वर बघत विचारलं.

"पिंपभर."

"आणि पाऊस आला तर आत किती?"

"टिपूस..." मिस्त्री सवयीने सुरू झाले आणि थांबले. फटीकडे पाहिलं, वाऱ्याची दिशा मनात आणली, आणि म्हणाले, "वादळात तिरका पाऊस आला तर मधल्या वाटेवर चार थेंब पडतील. गाईंवर पडणार नाहीत."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी गिऱ्हाइकाला पाणी कबूल केलं होतं.

"चार चालतील," विहीणबाई म्हणाल्या. आणि दाराकडे वळत, "चहा घेऊन जा."

वासरीला पूर्ण बरं व्हायला तीन आठवडे लागले. तेवढ्या काळात मिस्त्रींनी जुनी वही काढून विहीणबाईंचा सोडून आजवर किती गोठ्यांवर आपण पत्रा घातला ते मोजलं. तेवीस. मग शिडी घेऊन, कुणी न बोलावता, ते एकेकाच्या दारात उभे राहू लागले. "थंडीत पहाटे आत टपकतं का?" असं विचारलं की माणसं आधी चुळबुळत. मग कळे की टपकतं. एकाने गाई तिरक्या बांधायची सवय लावून घेतली होती. एकीने म्हशीच्या वर जुना ताडपत्रीचा तुकडा टांगला होता आणि तो शोभेसाठी आहे असं सांगून पाहिलं. तक्रार का केली नाहीत, याला सगळ्यांचं उत्तर एकच, "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

सतराव्या घरचा म्हातारा शेतकरी मात्र ठाम होता. "आमच्याकडे नाही टपकत."

मिस्त्रींना ते पटलं नाही. आत जाऊन पत्र्याला तळवा लावला, तर कोरडा. वर चढून पाहिलं, तर आढ्याचा पत्रा उचलून त्याखाली ओळीने विटा सरकवलेल्या. विटांवर शेवाळ धरलेलं होतं.

"हे कधीचं?"

"अकरा वर्षं झाली," म्हातारा खाली मान घालून म्हणाला. "तुम्ही बाजाराला इकडून जाता ना, त्या दिवशी सकाळी काढून ठेवतो. तुम्ही गेलात की परत लावतो."

"दर आठवड्याला?"

"तुमचं नाव आहे, मिस्त्री. रस्त्यावरून दिसलं असतं."

मिस्त्री आढ्यावर बसूनच राहिले. त्यांचं नाव राखायला एक माणूस अकरा वर्षं दर आठवड्याला शिडी चढत होता. मग त्यांनी विचारलं, "वीट उभी लावून पाहिलीत?"

"पाहिली. उभीने पाऊस आत येतो. आडवीच बरोबर."

मिस्त्रींनी आडव्या विटेची उंची पट्टीने मोजली, वहीत लिहिली, आणि पुढच्या सगळ्या आढ्यांना पाय त्या मापाचे केले. कुणी विचारलं तर ते म्हाताऱ्याचं घर दाखवत.

हे सगळं त्यांनी विहीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या कॅन घासत होत्या. "म्हणजे तेवीस जणांत कुणी तोंड उघडलं नाही."

"कुणी नाही."

"मी उघडलं."

"तुम्ही उघडलंत," मिस्त्री म्हणाले. "म्हणून एक विचारायचं होतं."

त्यानंतर आपल्या जुन्या-नव्या प्रत्येक छपराखाली, दाराच्या आतल्या बाजूला, मिस्त्री रंगाने एक फोन नंबर लिहू लागले आणि वर 'छपराविषयी तक्रार इथे'. नंबर विहीणबाईंचा. मिस्त्रींना वाईट वाटेल म्हणून लोक गप्प बसतात आणि विहीणबाईंना त्याचं काही वाटत नाही, असा हिशेब. विहीणबाईंनी आधी "मला दुसरी कामं नाहीत का" असं म्हणून घेतलं आणि फोन दूध काढायच्या जागेजवळ खुंटीला टांगला.

परवा त्या धार काढत असताना तो वाजला. त्यांनी खांदा आणि कान यांच्यामध्ये तो धरला.

"बोला. टपकतंय? पहाटे की दिवसा? बरं. आत जनावरं किती? नऊ. आढ्याला फट आहे? नाही? कुणी घातलंय ते? मिस्त्रींनीच, वखार होती तेव्हा? म्हणून वहीतल्या गोठ्यांत नव्हती. बरोबर, तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. आता माहीत आहे. उद्या येतील. नाही हो, त्यांना कसलं वाईट वाटतंय, त्यांनी पहिली फट स्वतःच्या विहिणीच्या गोठ्याला पाडलीये. माझ्याच. या बघायला, वाफ बघायची तर सकाळी लवकर या. आणि फट पाडायला दुसरा कुणी आला तर त्याला शिडी लावू देऊ नका."